नाना आणि घाशीराम : दोघांच्या डोक्यातली सत्ता ओळखायची कशी? (पहिल्यांदाच तुलना लिहिणाऱ्यांसाठी)

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. "मामा, घाशीराम जास्त वाईट का नाना जास्त वाईट? पटकन सांग, उद्या सबमिट करायचंय." बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, 'दोन पात्रांचा सत्तेकडे आणि महत्त्वाकांक्षेकडे बघायचा दृष्टिकोन' असा विषय दिलाय त्यांना. मी म्हटलं बाई, तुझा प्रश्नच चुकलाय, आणि बरोबर प्रश्न कुठला ते व्हॉट्सॲपवर पटकन सांगता येणार नाही. मग बसून सविस्तर लिहिलं. तेच इथे देतोय, कारण एकांकिका करणारी, वाचन-गटात नवीन आलेली पोरं पण हेच विचारत असतात.

मी 'घाशीराम कोतवाल' या नाटकावरच बोलणार आहे; त्यातला नाना म्हणजे पेशवाईचा कारभारी आणि घाशीराम हा त्याने नेमलेला पुण्याचा कोतवाल. पद्धत दुसऱ्या कुठल्या जोडीलाही लागू पडेल, पण दोन सत्तावाली माणसं इतकी एकमेकांना चिकटलेली मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडतील.

पायरी १ : आधी पूर्ण नाटक वाचा, क्लिप नंतर

मोबाईलवर पाच मिनिटांचा सीन बघून तुलना लिहायला घेऊ नका. संहिता छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. पहिल्या वाचनात नुसतं वाचायचं, पेन हातात घ्यायचं नाही. दुसऱ्या वाचनाला पेन.

वाचताना एक लक्षात ठेवा, की हे नाटक कागदावर थोडं कोरडं वाटतं कारण ते लिहिलंयच मुळी गाण्या-नाचातून घडायला, कीर्तन आहे, लावणी आहे, सूत्रधार आहे. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची, आणि मोहन आगाशे नाना. नुसती माहिती म्हणून सांगत नाहीये हे. नाना कधी ताल धरतो, कधी नाचतो, आणि घाशीराम शेवटी कोणत्या तालावर नाचतो, हा तुलनेतला मुद्दा आहे, संवाद वाचून तो हाताला लागणार नाही. म्हणून वाचून झाल्यावर रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर बघा.

पायरी २ : इतिहासातला माणूस दाराबाहेर ठेवा

इथे निम्मे लोक घसरतात. घाशीराम नावाचा कोतवाल खरोखर होता, सवाई माधवरावांच्या काळात, आणि १७९१ साली त्याला पुण्यात दगडांनी ठेचून मारलं हेही खरं. नाना फडणवीस तर होतेच, १७४२ ते १८००, पेशवाईचा गाडा ज्यांनी ओढला ते. त्याच घाशीरामाच्या नावाचं एक पुस्तक १८६३ सालीही निघालं होतं, म्हणजे हा माणूस मराठीत आधीपासून फिरतोय.

पण तेंडुलकरांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही. तरी वाद पेटलाच, १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेने नाटक थांबवलं, मग त्यातली कलाकार मंडळी बाहेर पडली आणि थिएटर अकादमी ही नवी संस्था उभी राहिली. हा सगळा इतिहास इंटरेस्टिंग आहे पण तुमच्या तुलनेत त्याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नका. पेपरमध्ये सरळ 'नाटकातला नाना' असं लिहा. खरे नाना मुत्सद्दी होते की नव्हते यावर भांडायला लागलात की पात्र हातातून गेलं.

पायरी ३ : विशेषणं बंद

मी कॉलेजात असताना याच नाटकावर बोललो होतो. घाशीराम महत्त्वाकांक्षी, नाना धूर्त, घाशीराम क्रूर, नाना विलासी, असं दहा मिनिटं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, नानाला हवंय काय?" माझी बोलती बंद. आजही मला वाटतं या नाटकावर यापेक्षा चांगला प्रश्न नाही, त्याच्याकडे पुढे येऊच.

तर विशेषणांऐवजी क्रियापदं. वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे नाना, उजवीकडे घाशीराम, आणि प्रत्येक सीनला फक्त एवढंच लिहा की हा माणूस आत्ता काय *करतो* आणि ते स्वतः करतो की दुसऱ्याकडून करवून घेतो.

पान भरलं की तुम्हाला कोणी काही समजवायची गरज राहणार नाही. उजवीकडे काय काय येतं बघा : पाठ वाकवतो, मार खातो, शपथ घेतो, मुलीला घेऊन येतो, मागतो, रात्री गस्त घालतो, दारं ठोठावतो, परवाना विचारतो, हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायची परीक्षा घेतो आणि तिथे स्वतः हजर असतो. डावीकडे? बघतो. हसतो. मागे लागतो. सही करतो. लग्न करतो. परत सही करतो.

घाशीरामला सत्ता म्हणजे स्वतःच्या अंगाने करायची गोष्ट वाटते, समोरच्याच्या डोळ्यात भीती त्याला स्वतः बघायची असते, नाहीतर त्याचं पोट भरत नाही. नानाला कुणाच्या डोळ्यात बघायची गरजच नाही. कोतवाल पुण्याला सळो की पळो करतोय त्या सगळ्या मधल्या भागात नाना फारसा दिसतच नाही, आणि तुम्ही नवीन असाल तर तुम्हाला वाटेल की त्या भागात नानाचं काही काम नाही. उलटं आहे. तेव्हाच त्याचं काम सगळ्यात चोख चाललंय.

पायरी ४ : 'याला काय हवंय' हे दोघांना वेगवेगळं विचारा

घाशीरामचं उत्तर सोपं आहे, त्यामुळे आधी ते.

तो कनोजी ब्राह्मण, पोट भरायला पुण्यात आलेला, बावनखणीत, म्हणजे नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या वस्तीत, गुलाबी नावाच्या नाचणारीकडे कामाला. नाना तिथे येतो, नाचताना पायाला लागतं, घाशीराम पाय टेकायला स्वतःची पाठ देतो, खूश होऊन नाना गळ्यातला हार देतो. आणि तो हार गुलाबी गुंडांकरवी काढून घेते, वर हाकलून देते. हा सीन छोटा आहे, पोरं सोडून देतात, सोडू नका. घाशीरामचा पहिला धडा इथे आहे : वरच्याने खूश होऊन दिलेली वस्तू खालचे लोक हिसकावून घेतात, म्हणजे बक्षीस उपयोगाचं नाही, अधिकार पाहिजे.

दुसरा धडा पर्वतीच्या पायथ्याशी. दक्षिणा वाटप चालू आहे, हा गर्दीत, चोरीचा आळ येतो, मार, कैद, आणि पुण्यात पाय ठेवायचा नाही म्हणून बाहेर. तिथे तो शपथ घेतो की परत येईन आणि या पुण्याचं डुकरांचं राज्य करून दाखवीन.

आता ही शपथ नीट ऐका. त्यात 'मी मोठा होईन' असं नाहीये. 'तुम्हाला खाली आणीन' असं आहे. आपण महत्त्वाकांक्षा हा शब्द सरसकट वापरतो, पण वर चढायची ओढ वेगळी आणि वरच्यांना खाली ओढायची ओढ वेगळी. घाशीरामला कोतवाली हवी ती पगार, वाडा, मान यासाठी नाहीच, त्याला त्या एका दिवसाची परतफेड हवी आहे, आणि परतफेडीचा प्रॉब्लेम असा की ज्यांनी मारलं ते पाचपन्नास लोक होते आणि हा वसूल करतो सगळ्या गावाकडून. म्हणून ती कधी फिटतच नाही. सत्ता मिळाल्यावर माणूस बदलला असं लिहू नका हं, प्लीज. तो बदलला नाही, बोलला तेच केलं.

आता नाना, म्हणजे सरांचा प्रश्न. नानाला हवंय काय?

पहिलं उत्तर सुचेल 'बायका'. बरोबर आहे पण अपुरं आहे. तो म्हातारा होत आलाय, नवीन लग्न करतो, देवळात कीर्तनाला आलेल्या पोरीच्या मागे लागतो, तेही गणपतीसमोर. पण ती हौस झाली. सत्तेकडून त्याला काय हवं आहे? मी खूप दिवस याचं उत्तर शोधत होतो आणि शेवटी या निष्कर्षावर आलो की काहीच नको आहे. त्याच्याकडे ती आहेच. महत्त्वाकांक्षा ही नसलेल्या माणसाची गोष्ट आहे, ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली आहे त्याला कसली आकांक्षा. त्याला फक्त किल्ली जपायची आहे आणि आतलं खर्च होऊ द्यायचं नाही.

म्हणूनच नाना आपल्याला निवांत वाटतो, रसिक वाटतो, प्रेक्षक त्याला हसून दाद देतात. आणि घाशीराम पहिल्यापासून अस्वस्थ, घामेजलेला, डोळ्यात खुपणारा. हव्यास दिसतो तो खालून वर येणाऱ्याचाच. वर बसलेल्याचा दिसत नाही, आपण त्याला स्वभाव म्हणतो. मराठीत एक शब्द आहे ना, माज. घाशीरामला माज आला असं अख्खं गाव म्हणतं, नानाला आला असं कोणी म्हणत नाही. का? तर माज 'येतो', म्हणजे आधी नव्हता. नानाचा आधीपासूनच आहे.

पायरी ५ : सौद्याचा सीन तीनदा वाचा

तुलनेचा गाभा इथे आहे, वेळ इथे घालवा.

नानाला देवळातली ती मुलगी हवी आहे. ती घाशीरामचीच मुलगी, ललितागौरी. घाशीराम तिला आणून देतो, आणि मग प्रेक्षकांकडे वळून स्वतःलाच शिव्या घालतो, की बघा हा बाप, पोटची पोर लांडग्याच्या तोंडात दिली. म्हणजे आपण काय विकतोय हे त्याला पूर्ण कळतंय. नंतर जेव्हा नानाला ती पोर पुन्हा हवी असते तेव्हा हा भाव सांगतो : मला पुण्याचा कोतवाल करा.

तीन प्रश्न लिहून काढा. कोणी काय दिलं? कोणी काय मिळवलं? दिलेलं कोणाचं होतं?

घाशीरामने दिलेली गोष्ट त्याची सगळ्यात जवळची. आणि ती पोर बाजाराची वस्तू नव्हे, जिवंत आहे, तिला कोणी विचारलेलं नाही, नाटकात तिच्या वाट्याला शब्दही फार आलेले नाहीत (हे सुद्धा लिहा, चांगला मुद्दा होतो). नानाने दिलं काय? एक कागद. सही करायला लागणारी शाई. कोतवाली त्याच्या खिशातली नव्हतीच, ती राज्याची होती. त्याने दुसऱ्याच्या मालाने स्वतःची हौस भागवली.

आणि मग ती सही. ज्या हाताने नाना कोतवालीच्या हुकुमावर सही करतो त्याच हाताने शेवटी घाशीरामच्या मरणाच्या हुकुमावर. कोतवाल झाल्यावर घाशीराम अख्ख्या पुण्याला परवाना विचारत फिरतो, रात्री बाहेर का, परवाना कुठाय, घरात हा कोण, परवाना दाखव. लोकांना छळायला त्याने शोधलेलं हत्यार म्हणजे परवाना. आणि त्याच्या हे लक्षातच येत नाही की तो स्वतःच एक परवाना आहे, कोणीतरी दिलेला, आणि दिलेला परवाना रद्द होतो. मला वाटतं दोघांमधला फरक एका वाक्यात सांगायचा तर हाच : घाशीरामला वाटतं सत्ता मिळाली की ती आपली, नानाला माहितीये ती द्यायची आणि काढून घ्यायची वस्तू आहे.

याच पायरीला जोडून : नानाचं स्वगत

सही केल्या केल्या घाशीराम निघून जातो आणि नाना एकटा बोलतो. इथे तो पहिल्यांदाच मनातलं उघड करतो, म्हणून ओळ न् ओळ अंडरलाइन करा. मी माझ्या शब्दांत सांगतो. तो म्हणतो की घाशीराम नावाची बंदूक आम्ही पुण्याच्या छाताडावर रोखली आहे. तू उपरा, तुला इथे कोणी आपलं म्हणणार नाही, म्हणून तू आमच्या विरोधात कट करणार नाहीस, केलास तरी तुझ्यावर विश्वास कोण ठेवेल. आणि आमची पापं तुझ्या खात्यावर जमा होतील, करू आम्ही, भोगशील तू.

दोन गोष्टी टिपा. एक, 'आम्ही' आणि 'मी'. नाना बोलतो तो 'आम्ही' मधून, शपथेत घाशीराम 'मी, मी' करतो. 'आम्ही' म्हणणाऱ्याच्या मागे वाडा, दप्तर, शिपाई सगळं उभं असतं. 'मी' एकटाच असतो.

दुसरी, ती खात्याची भाषा. फडणवीस म्हणजे काय, तर दप्तर आणि हिशेब सांभाळणारा माणूस. हा नाना माणसांकडे जमाखर्चाच्या नजरेने बघतो, कोण कुठल्या रकान्यात टाकायचा, कधी खर्ची घालायचा. घाशीराम अपमान मोजतो, नाना माणसं मोजतो. अपमान मोजणारा चिडतो. माणसं मोजणारा चिडत नाही, तो फक्त रकाना बदलतो.

पायरी ६ : भिंत विसरू नका

दोघांची तुलना म्हटली की पोरं दोघांवरच लिहितात. पण रंगमंचावर सतत एक रांग उभी आहे, पुण्याच्या ब्राह्मणांची, गाणी म्हणणारी, डुलणारी, वळली की भिंत होणारी, कधी पडदा होऊन नानाची करणी झाकणारी. नानाला झाकते तीच रांग घाशीरामला चोर म्हणून पकडून देते, त्याच्या राज्यात थरथर कापते, आणि शेवटी त्याच्यावर दगड घेऊन जाते.

विचारायचं एवढंच, की ही भिंत कोणाकडे तोंड करते आणि कोणाकडे पाठ. नानाची सत्ता भिंतीच्या संमतीवर चालते, त्याला ते पक्कं ठाऊक आहे म्हणून तो तिला कधी थेट दुखवत नाही, दुखवायचं काम आउटसोर्स करतो. घाशीरामला वाटतं नुसत्या धाकावर भिंत उभी राहील.

इथे एक इशारा. काही जण एवढं वाचून अख्खा लेख जातीवर लिहितात. जात नाटकात आहेच, ठळक आहे, टाळू नका. पण तुमचा विषय सत्ता आहे, तेव्हा जातीचा मुद्दा त्या दोघांच्या सत्तेला कुठे धरून ठेवतो आणि कुठे पाडतो, तेवढाच आणा.

पायरी ७ : दोघांना हरवलेलं काहीतरी समोर ठेवा आणि बघा

सत्तेत असलेल्या पात्राची परीक्षा त्याचं काही गमावतं तेव्हा होते. घाशीराम मुलीसाठी स्थळ बघायला निघतो, धुमधडाक्यात लग्न लावायची स्वप्नं, आणि कळतं की गौरी मेली, पोटात मूल होतं, सुईणीकडे मेली आणि पुरूनही टाकली. तो पेटून नानाकडे जातो. आता तो कोतवाल आहे, सगळं पुणं त्याला टरकतं, समोरचा माणूस वयाने थकलेला, क्षणभर घाबरलेला सुद्धा. आणि तरी घाशीराम काहीही करू शकत नाही. नाना त्याला धर्माचं, कर्माचं, होणारं चुकत नाही छाप प्रवचन देतो, त्यातच गोड शब्दांत धमकी देतो, आणि हा मान खाली घालून परत येतो. मग घरी येऊन पुण्यावर आणखी तुटून पडतो.

माझ्या मते नाटकातला सगळ्यात भयंकर क्षण हा आहे, दगडांचा सीन नव्हे. वरच्यावर उगारता न आलेला हात खालच्यांवर पडतो. तुमच्या ऑफिसात, घरात, शिफ्टवर हे बघितलं असेल तर उदाहरण द्यायचा मोह होईल, द्या, पण एकच.

नाना काय गमावतो? मी दोन वाचनांत शोधलं. काहीच सापडलं नाही. सापडलं तर मला सांगा.

पायरी ८ : शेवट दोन्ही बाजूंनी लिहा

घाशीरामच्या बागेतली फळं तोडली म्हणून परगावचे ब्राह्मण कोठडीत कोंडले जातात, गुदमरून मरतात, गाव उठतं, पेशव्यांपर्यंत जातं. नानाला ठरवायला किती वेळ लागतो ते बघा. लागत नाही. हुकूम लिहितो, सही. घाशीरामचं डोकं भादरतात, धिंड काढतात, दगड.

आणि मरताना घाशीरामला आठवतं काय? कोठडीत मेलेली माणसं नाहीत. तुमच्या छाताडावर मी नाचलो, पण पोरीचा जीव घालवला, त्याची शिक्षा मला मिळायलाच हवी, असं तो म्हणतो. म्हणजे शेवटच्या क्षणी त्याचा हिशेब उघडतो आणि त्यात एकच नोंद निघते. त्यामुळे त्याच्याबद्दल दया वाटते, आणि वाटू द्या, फक्त दया वाटली म्हणून कोठडीतले मेलेले पुसू नका.

लगेच नाना येतो आणि जाहीर करतो की पुण्यावरचं संकट टळलं, तीन दिवस उत्सव करा. बंदूक त्यानेच ठासली होती, ती मोडल्याचा आनंदही तोच साजरा करतो.

पायरी ९ : अदलाबदल

लिहायच्या आधी पाच मिनिटांचा खेळ. नानाला पर्वतीच्या रांगेत उभं करा. जमत नाही ना? तो रांगेत असूच शकत नाही, रांग त्याच्यामुळे लागते. आता घाशीरामला नानाच्या गादीवर बसवा. तो आठवड्यात गादी घालवेल, कारण त्याला प्रत्येक अपमानाचं उत्तर द्यायचं असतं आणि गादीवर बसणाऱ्याला बरेच अपमान गिळून टाकता यायला लागतात. आणि घाशीराम नसताच तर? नानाने दुसरा कोणी उपरा शोधला असता. नाना नसता तर मात्र घाशीराम गुलाबीच्या दारातच राहिला असता. दोघं तोलामोलाचे शत्रू नाहीत, हे या खेळात आपोआप कळतं.

पायरी १० : आता लिहा

पहिलं वाक्य 'पण' असलेलं लिहा. उदाहरणार्थ : "घाशीराम सत्तेकडे परतफेडीचं साधन म्हणून बघतो, पण नाना तिच्याकडे इतरांना वाटायची आणि परत घ्यायची वस्तू म्हणून बघतो, त्यामुळे पहिला तिच्यात जळतो आणि दुसऱ्याला धगही लागत नाही." हे जसंच्या तसं उचलू नका, माझ्या भाचीने आधीच उचललंय.

मग आधी घाशीरामची दोन पानं आणि नंतर नानाची दोन पानं असं करू नका, ती तुलना नाही, दोन चरित्रं झाली. सीन घ्या आणि दोघांना त्याच सीनमध्ये समोरासमोर ठेवा. सौदा, गौरीच्या मरणानंतरची भेट, शेवटचा हुकूम, हे तीन सीन पुरे होतात. 'मला असं वाटतं' लिहायला लाजू नका पण पुढच्याच वाक्यात कुठल्या सीनमुळे वाटतं ते सांगा.

आणि सबमिट करायच्या आधी मित्राला किंवा मैत्रिणीला पकडून सौद्याचा सीन मोठ्याने वाचा, एकदा तुम्ही नाना, एकदा घाशीराम. घाशीराम वाचताना घसा कोरडा पडेल. नाना वाचताना मजा येईल, चक्क मजा येईल, आणि ती का आली हे शेवटच्या परिच्छेदात लिहा.